सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सायकल: ट्रायबॅन आरसी ५०० आणि कोल्हापूरचे रस्ते

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी डेकॅथलॉनची ट्रायबॅन आरसी ५०० ही रोड बाइक विकत घेतली आणि तेव्हापासून ती ९,००० किलोमीटरांहून थोडी अधिक चालली आहे. यातले बहुतेक अंतर पन्हाळा, गगनबावडा आणि राधानगरी या तीन रस्त्यांवर, पहाटे साडेपाच ते साडेआठ या वेळात कापलेले आहे. सायकल घेतली तेव्हा माझे वय ४७ होते, वजन ८४ किलो होते आणि त्याआधी घाईने घेतलेली एक सायकल सोडली तर मधल्या २४ वर्षांत मी पायडलवर पाय ठेवलेला नव्हता. नव्या सायकलींची परीक्षणे बहुधा सराव असलेल्या तरुण मंडळींनी, सायकल घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच लिहिलेली असतात आणि मध्यमवयात सायकलकडे परत वळणाऱ्या माणसाला त्यांतून आपल्या उपयोगाचे फार थोडे सापडते. म्हणून तीन पावसाळे काढलेल्या या सायकलीविषयी सविस्तर लिहीत आहे.

माझे गाव वडणगे. कॉलेजची सगळी वर्षे मी वडिलांच्या काळ्या बावीस इंची ॲटलसवरून शिवाजी पूल ओलांडून शहरात ये-जा केली. त्या सायकलीला गिअर नव्हते, तिचे वजन कोणी कधी केले नाही आणि ती माझ्या मापाची आहे का, हा प्रश्न घरात कोणाच्या मनातही आला नाही. पुढे शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत नोकरी लागली, पाळ्या सुरू झाल्या, मोटारसायकल आली आणि ॲटलस गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली. सेहेचाळिसाव्या वर्षी रक्तदाब वाढलेला निघाला, तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. चालण्यात माझे मन रमेना. सायकल चालवली तर चालेल का, असे विचारल्यावर त्यांनी आधी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली व मगच परवानगी दिली. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सायकलीच्या दुकानात जाण्याआधी ही तपासणी करून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण चढावर छातीचे ठोके कुठवर जातात याची कल्पना रंकाळ्याभोवती फेरी मारून येत नाही.

आरसी ५०० ही माझी दुसरी सायकल आहे. पहिली मी घाईने घेतली आणि चुकलो. एका ओळखीच्या माणसाने वापरलेली, रेससाठी बनवलेली ती सायकल दिसायला देखणी होती, एका हाताने उचलता येई इतकी हलकी होती आणि नव्या सायकलीच्या निम्म्या किमतीत मिळत होती. तिची फ्रेम ५६ मापाची होती आणि माझी उंची १७० सेंटिमीटर आहे. सीट खाली घेतली की काम भागेल, असे विकणाऱ्याने सांगितले आणि मीही ते मान्य केले. पंधरा दिवसांत मान आखडू लागली. महिनाभरात तासाभराच्या फेरीनंतर दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका बधिर व्हायला लागल्या, इतक्या की घरी आल्यावर शर्टाचे बटण काढायला त्रास पडे. हँडल फार लांब आणि फार खाली असले की धडाचा भार तळहाताच्या कडेवर येतो, तिथून जाणारी नस दाबली जाते आणि नेमकी हीच दोन बोटे बधिर होतात, हे मला नंतर कळले.

मंगळवार पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे मी ती सायकल चाकाची आऊट काढायला घेऊन गेलो होतो. त्यांनी मला सायकलवर बसवले, भिंतीला हात टेकवायला सांगितला आणि दोन पावले मागे सरून नुसते पाहिले. मग म्हणाले, “साहेब, सायकल चांगली हाय, पन तुमच्या मापाची न्हवं. सीट खाली घेऊन उंची जमंल, लांबी कशी जमवायची?” सीट वरखाली होते, पण सीट आणि हँडल यांमधले अंतर फ्रेमनेच ठरवून टाकलेले असते. एवढी साधी गोष्ट, आयुष्यभर क्वालिटी विभागात मापे तपासण्याचे काम करूनही, माझ्या लक्षात आली नव्हती. ती सायकल मी तोटा सोसून विकली आणि पुढची घेण्याआधी स्वतःचेच माप काढायला बसलो.

हे माप घरी काढता येते आणि त्याला दहा मिनिटे पुरतात. अनवाणी उभे राहून पाठ भिंतीला लावावी, एक जाड पुठ्ठ्याची वही दोन्ही पायांच्या मध्ये, सीटवर बसताना जितका दाब येतो तितक्या दाबाने वर सरकवावी आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची दुसऱ्याकडून मोजून घ्यावी. माझी ही उंची ७९ सेंटिमीटर भरली. तिला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या मधल्या धुऱ्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे प्रसिद्ध झालेले हे सूत्र आहे. माझे उत्तर ६९.८ सेंटिमीटर आले. तीन वर्षांत मी त्यात फक्त अर्ध्या सेंटिमीटरचा फरक केला आहे, तोही बुटाचा तळ जाड असल्यामुळे. सूत्र सुरुवातीपुरते असते. पुढचे गुडघा सांगतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले तर सीट बहुधा खाली असते, मागच्या बाजूला दुखले तर बहुधा वर असते, आणि दोन्ही वेळी एका दमात तीन-चार मिलिमीटरांपेक्षा जास्त बदल करू नये.

फ्रेमसाठी दोन मापे पाहायची असतात. धुऱ्यापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर म्हणजे रीच. चांगल्या कंपन्या प्रत्येक मापाच्या फ्रेमसाठी हे दोन्ही आकडे देतात. स्टॅकला रीचने भागल्यावर दीडच्या वर उत्तर आले तर बसणे ताठ आणि आरामाचे होते, ते १.४५ च्या खाली गेले तर सायकल शर्यतीसाठी वाकायला लावणारी आहे, असा माझा साधा आडाखा आहे. विशीतल्या कमरेला ते वाकणे सहज जमते. ज्याने वीस वर्षे खुर्चीत आणि मोटारसायकलवर काढली आहेत त्याने तिथून सुरुवात करू नये. एस, एम, एल ही अक्षरे कंपनीगणिक बदलतात, शिवाय एकाच उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब तर दुसऱ्याचे धड लांब असते, म्हणून नुसत्या उंचीच्या तक्त्यावर विसंबून सायकल मागवणे मला धोक्याचे वाटते.

पुण्याला कामानिमित्त गेलो असताना मी डेकॅथलॉनच्या दुकानात एस आणि एम अशी दोन्ही मापे अर्धा-अर्धा तास चालवून पाहिली. बाहेरच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारायला दिल्या आणि कोणी घाई केली नाही. एमवर बसल्यावर कोपर सरळ ताणले जात होते. एसवर ते थोडे वाकलेले राहिले आणि मान न उचलता समोरचे दिसले. मी एस घेतला. दोन हातांची बोटे या सायकलवर सहा तासांनंतरही शाबूत असतात, आणि तिच्या बाजूने सांगण्यासारखी माझ्या लेखी हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे.

आता सायकलीच्या बांधणीविषयी. फ्रेम ॲल्युमिनियमची आहे, पुढच्या फोर्कचे दोन पाय कार्बनचे आहेत, गिअर शिमानो कंपनीच्या सोरा संचाचे, पुढे दोन आणि मागे नऊ दातेरी चक्रे. पायडल, बाटलीचे दोन पिंजरे आणि पंप धरून माझ्या वजनकाट्यावर ती ११ किलोच्या आसपास भरते. याहून दोन किलो हलकी सायकल हवी तर जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागतात. माझेच वजन या तीन वर्षांत ८४ वरून ७५ वर आले, तेव्हा ते दोन किलो विकत घेण्यात अर्थ नव्हता असे मी मनापासून म्हणू शकतो.

गिअरबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण कोल्हापुरात सायकल घेणाऱ्याची खरी परीक्षा पन्हाळ्याच्या रस्त्यावर होते. शिवाजी पुलावरून वडणगे फाटा, पुढे केर्लीपर्यंत रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. तिथपर्यंत कोणतीही सायकल चांगलीच वाटते. वाघबीळला डावीकडे वळून गडाचा चढ लागला की सायकल आणि माणूस दोघांचीही किंमत कळते. गड आजूबाजूच्या सपाटीपासून ४०० मीटरांहून अधिक उंच आहे आणि ती उंची शेवटच्या टप्प्यात अंगावर येते.

आरसी ५०० ला पुढे ५० आणि ३४ दात्यांची, मागे ११ पासून ३२ दात्यांपर्यंतची चक्रे आहेत. सर्वांत हलका गिअर म्हणजे पुढे ३४, मागे ३२. या गिअरमध्ये पायडलचा एक पूर्ण फेरा घेतला की सायकल साधारण २ मीटर २७ सेंटिमीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे घेतले तर वेग ताशी ८ किलोमीटरांच्या थोडा वर पडतो. माझ्या आधीच्या रेसच्या सायकलीला सर्वांत हलका गिअर ३९ आणि २५ चा होता. त्यात एका फेऱ्याला ३ मीटर ३३ सेंटिमीटर अंतर पडे. म्हणजे त्याच चढावर त्याच वेगाने जायचे तर मिनिटाला ४१ फेरेच होतात आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जवळजवळ दीडपट जोर पडतो. जुन्या सायकलीवर वाघबीळच्या पुढे मी पायडलवर उभा राहून, हँडल डावीउजवीकडे ओढत चढायचो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावे लागे. आरसी ५०० वरच्या पहिल्या चढाईतही मी चार वेळा थांबलो, पण ते दमामुळे. गुडघे दुखले नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये न थांबता वर पोहोचलो. वर कठड्याशी सायकल टेकवून खाली धुक्यात बुडालेले माझेच गाव शोधत मी बराच वेळ उभा होतो.

म्हणून दुकानात गेल्यावर वेग किती मिळतो हे विचारण्याआधी सर्वांत हलका गिअर कोणता आहे ते विचारावे. पुढचे लहान चक्र आणि मागचे मोठे चक्र यांच्या दात्यांची संख्या जितकी जवळ, तितका चढ सोपा. ३४ ला ३२ किंवा ३४ मिळाले तर परत सायकलकडे वळणाऱ्याने निश्चिंत असावे. २५ किंवा २८ वर थांबणारी सायकल पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला राहणाऱ्याने घेऊ नये. वेगाची चिंता करण्याचे कारण नाही. ५० आणि ११ च्या गिअरमध्ये मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी ५२ किलोमीटर वेग होतो, आणि तेवढा मला उतारावरही नको असतो.

दुसरी गोष्ट टायरची. ही सायकल २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरवर येते आणि फ्रेममध्ये ३२ चा टायर सहज बसण्याइतकी जागा आहे. आपल्याकडच्या रस्त्यांना ही जागा फार महत्त्वाची आहे. प्रत्येक गावाच्या वेशीवर गतिरोधक, ऊस वाहतुकीने दबलेल्या डांबराच्या कडा आणि साइडपट्टीवरची खडी यांवरून २३ चे, ११० पौंड हवा भरलेले टायर घेऊन जाणे म्हणजे प्रत्येक धक्का पाठीने मोजणे. २८ च्या टायरात मी माझ्या वजनाला पुढे ७० आणि मागे ८० पौंड हवा ठेवतो आणि बालिंग्याच्या पुढचा गगनबावडा रस्ता त्यावर बिनतक्रार पार पडतो. कमी हवेचा टायर जड चालतो, ही आपली जुनी समजूत आहे. उंचसखल डांबरावर तो उलट कमी उडतो आणि पायांचा जोर वाया जात नाही.

गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, हेच रस्ते वेगळे होतात. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटेपासून कारखान्यांकडे निघालेले असतात, मोळ्यांतून निसटलेल्या कांड्या रस्त्यावर पडतात, चाकांखाली चिरडतात आणि त्यांच्या रसावर धूळ बसून चिकट काळा थर तयार होतो. पाचट पडलेले असले की खालचा खड्डा दिसत नाही. अशा ठिकाणी हँडल सरळ धरून, ब्रेक न दाबता, पायडल थांबवून जावे लागते. एकदा परिते गावाजवळ मागचे चाक उसाच्या कांडीवरून बोटभर घसरले, पण रुंद टायर आणि स्थिर फ्रेम यांमुळे मी सावरलो. ट्रॅक्टरला मागून ओलांडताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरूनच निर्णय घ्यावा आणि शक्यतो ओलांडूच नये. बाहेर लोंबणारी वाढी, म्हणजे उसाचे शेंडे, तोंडावर येतात आणि चालकाला मागे सायकल आहे हे दिसत नाही.

ब्रेकविषयी थोडक्यात. हे डिस्क, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती धरणारे, ब्रेक आहेत, पण तेलाच्या दाबावर चालणारे नसून केबलने ओढले जाणारे आहेत. या जातीच्या ब्रेकला तेलाच्या ब्रेकपेक्षा बोटांचा जोर थोडा जास्त लागतो. त्या बदल्यात केबल तुटली तर कोणत्याही गावातला मिस्त्री ती बदलू शकतो. पावसात रिमवर घासणाऱ्या रबरी ब्रेकपेक्षा डिस्क कितीतरी खात्रीचा आहे आणि पन्हाळ्याहून पावसात उतरताना ते प्रत्येक वळणावर जाणवते. एक चूक मात्र मी केली, ती इतरांनी करू नये. चेनवर तेलाचा फवारा मारताना त्याचे तुषार मागच्या चकतीवर उडाले. दुसऱ्या दिवशी ब्रेक किंचाळू लागले आणि धरेनात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चकती पुसली, तरी तेल प्यालेले पॅड फेकूनच द्यावे लागले. तेव्हापासून मी तेल थेंबाथेंबाने, चेनच्या प्रत्येक रोलरवर एक, असे बाटलीनेच घालतो. पॅडचे अस्तर एक मिलिमीटर उरले की बदलतो. पावसाळ्यात ते उन्हाळ्यापेक्षा बरेच लवकर झिजते, कारण शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती चकतीवर बसते आणि कानशीसारखे काम करते.

याच मातीने चेनही खाल्ली. माझ्या कामातल्या सवयीमुळे मी दर पंधरवड्याला चेन मोजतो आणि ही मोजणी कोणालाही करता येईल इतकी सोपी आहे. सायकलच्या चेनमध्ये दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे नव्या चेनवर २४ अंतरे बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. पोलादी पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवायचा, चेन ताणून धरायची आणि पंचविसावी पिन कुठे येते ते पाहायचे. चेन ताणली जाते असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नाही. पिना आणि त्यांभोवतीची भोके झिजून प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट वाढते आणि २४ फटींची बेरीज पट्टीवर दिसते. माझ्या पहिल्या चेनने ३,१०० किलोमीटरांवर ३०६.५ चा आकडा दाखवला, तेव्हा मी ती बदलली. नऊ गिअरच्या चेनला ३०७ पर्यंत थांबता येते, पण तिथवर गेले की मागच्या चक्रांचे दातेही झिजलेले असतात आणि मग चेनच्या कितीतरी पट खर्च येतो. वेळीच बदलत गेल्यामुळे सध्या तिसरी चेन चालू आहे आणि मागची चक्रे अजून मूळचीच आहेत. सोरा संचाबद्दल माझे मत यामुळेच फार चांगले आहे. तीन वर्षांत मी दोनदा गिअरच्या केबल बदलल्या, एकदा मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा, स्क्रू पाव फेरा फिरवला, याखेरीज त्याला हात लावावा लागला नाही.

सीट प्रत्येकाने आपापली शोधावी. सोबत आलेली सीट बनावटीने उत्तम आहे, पण बसण्याची दोन हाडे कोणाची जवळ असतात, कोणाची लांब. मला थोडी रुंद सीट लागली आणि ती बदलल्यावर मी अस्तर असलेली सायकलची चड्डीही घेतली. गुबगुबीत जेलची सीट मात्र घेऊ नये. दुकानात ती सुखाची वाटते आणि तीस किलोमीटरांनंतर हाडे तिच्यात रुतून आजूबाजूचे मांस दाबले जाते.

खेड्यापाड्यांतून जाणाऱ्याने व्हॉल्व्हचा प्रश्न आधी समजून घ्यावा. माझ्या ट्यूबना बारीक, वर लहान नट असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे. गावातल्या पंक्चरच्या दुकानात मिळणारा पंप त्याला बसत नाही. एक लहान पितळी अडॅप्टर त्यावर फिरवले की मोटारसायकलच्या पंपानेही हवा भरता येते. मी एक सीटखालच्या पिशवीत आणि एक पाकिटात ठेवतो. जुन्या काळ्या सायकलचे २८ बाय दीडचे टायर-ट्यूब या चाकाला चालतील, असेही बरेच जण समजतात. त्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि या रिमचा ६२२. टायर सैल बसेल आणि निसटेल. तेव्हा स्वतःची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच आणि छोटा पंप बरोबर हवाच. घराच्या अंगणात चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव दोन वेळा करून घ्यावा, म्हणजे कळ्याच्या पुढे पहाटेच्या अंधारात ते जमते.

खर्चाचा हिशेब मांडताना सायकलच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा धरावा. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, मडगार्ड, कुलूप, उभा पंप, चड्डी आणि वरची सामग्री यांना तेवढे लागतातच. मी ८० हजार बाजूला काढले होते आणि सगळे मिळून त्यात बसले. मी सायकल घेतली तेव्हा तिच्यावर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे, ही आता घेणाऱ्यांसाठी चांगली गोष्ट आहे. कंपन्या मॉडेलची नावे आणि बसवलेले सुटे भाग अधूनमधून बदलतात, म्हणून नावापेक्षा मी वर दिलेले आकडे वहीत लिहून न्यावेत आणि समोरच्या सायकलीवर दात्यांची संख्या मोजूनच पाहावी. फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअर बसवण्याची भोके आहेत का, हेही पाहावे. आरसी ५०० ला ती आहेत आणि कोल्हापूरच्या पावसात मडगार्डशिवाय रोड बाइक चालवली की पाठीवर चिखलाची रेघ उमटते आणि हँडलच्या नळीचे बेअरिंग लवकर खराब होते.

ही सायकल सगळ्यांसाठी आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांचे जाणे-येणे राजारामपुरी ते बिंदू चौक एवढेच आहे, त्यांना सरळ हँडलची हायब्रिड अधिक सोयीची पडेल; वाहनांच्या गर्दीत ताठ बसून आजूबाजूला पाहता येते. पण फेरी चाळीस किलोमीटरांच्या पुढे जाऊ लागली की सरळ हँडलवर हाताला एकच जागा उरते आणि मनगटे दुखतात. वाकड्या हँडलवर तीन ठिकाणी हात ठेवता येतात आणि राधानगरीच्या बाजूला समोरून वारा असला की खालच्या वळणात धरून अंग वाऱ्याखाली घेता येते. माझ्या दोन मित्रांनी माझी सायकल चालवून पाहिली. एकाने अशीच घेतली. दुसऱ्याच्या कमरेचे ऑपरेशन झालेले आहे. त्याला मी हायब्रिडच घ्यायला लावली आणि तो दर रविवारी केर्लीपर्यंत आमच्याबरोबर असतो, तिथून परत फिरतो आणि आम्ही उतरून येईपर्यंत गंगावेशच्या कट्ट्यावर आमची वाट पाहत दूध पितो.

सध्या मागचा टायर मधोमध सपाट झाला आहे आणि त्याच्या कडेला दोन बारीक चिरा दिसू लागल्या आहेत. हा दुसरा मागचा टायर, ४,७०० किलोमीटर चाललेला. या वेळी दोन्ही चाकांना ३२ चे टायर घालणार आहे आणि हवा पुढे ५५, मागे ६५ पौंडांपासून सुरू करून पाहणार आहे. मडगार्ड आणि टायर यांमध्ये किती फट उरते ते व्हर्निअरने मोजले. ९ मिलिमीटर आहे, तेवढ्यात चिखल अडकायचा नाही. जूनच्या पहिल्या पावसात गगनबावड्याला जाऊन येईन.